विषय: तुमचं ‘सुधारित’ केस ल्यूब, डायमध्ये अडकलेली पुंगळी आणि खोबरेल तेल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
रीलोडिंग साहित्य विभाग

काल तुमच्याकडे माझा पाचवा फोन झाला. ४७ मिनिटं. त्यातली निम्मी तुमची होल्डवरची गिटार ऐकण्यात गेली. सहावा करणार नाही. लेखी देतोय, म्हणजे पुढे ‘तसं तुम्ही बोललाच नव्हतात’ म्हणायची सोय राहणार नाही. मराठीत का, तर तुमच्या पुण्याच्या सेंटरवरची मुलगीच म्हणाली, “काका, मराठीत लिहा ना, आमचे मॅनेजर मराठीच आहेत, ते अमेरिकेत वरपर्यंत पोचवतील.” पोचवा मग.

ल्यूब कशाला लागतं हे तुम्हाला शिकवत नाही: रीलोडिंग म्हणजे उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरणं, त्याआधी ती पोलादी डायमध्ये दाबून मापात आणायची, आणि डायला चिकटू नये म्हणून हे वंगण. डाय तुमचा, ल्यूब तुमचं, प्रेसही तुमचाच. तुम्हाला माहीत असणारच, अशी कालपर्यंत तरी माझी समजूत होती.

झालं ते असं. .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाच्या २०० पुंगळ्या, एकाच लॉटच्या, माझ्याच रायफलमध्ये दोनदा उडवलेल्या. त्या फुल-लेंग्थ साइज करायला, म्हणजे पूर्ण लांबीभर दाबून मापात आणायला घेतल्या. जुन्या बाटलीत दोन बोटं ल्यूब उरलं होतं, म्हणून नवी उघडली. सहा वर्षं तुमचंच वापरतोय. नव्या बाटलीवर तोच पार्ट नंबर, तेच चित्र, फक्त कोपऱ्यात एक पिवळी चकती: ‘सुधारित! आता थांबायची गरज नाही!’

तरी मी थांबलो. सवय. पुंगळ्या ट्रेमध्ये आडव्या, चार फवारे, ट्रे खळखळून हलवायचा, मग दोन फवारे तिरके म्हणजे पुंगळीच्या मानेच्या, गोळी बसते त्या तोंडाच्या, आत थोडं जातं, आणि पाच मिनिटं चहा. जुन्या ल्यूबमधलं अल्कोहोल तेवढ्यात उडून जायचं आणि मागे लॅनोलिनचा चिकटसर पापुद्रा राहायचा. बोटाला कळायचा, वासालाही. मेंढीच्या लोकरीतलं ते मेण, त्याला थोडा धनगरवाड्याचा वास असतोच. नवीन ल्यूबला वास नव्हता. तिथेच मला शंका यायला हवी होती, ही माझी चूक. पत्रात माझी चूक एवढीच सापडेल.

पहिल्या तीन पुंगळ्या गेल्या, पण हँडल जड लागलं. चौथीला प्रेसचा दांडा, रॅम, वर गेला, आणि खाली ओढला तेव्हा पुंगळी बुडाशी धरणाऱ्या शेलहोल्डरने नुसती बुडाच्या रिमची कड उपटून आणली. पुंगळी डायमध्ये.

मी नवशिका नाही. ओहायोला यायच्या आधी भोसरीत प्रेस टूलमध्ये ११ वर्षं काढली आहेत, पितळाच्या पत्र्यातून कप ओढून काढले (डीप ड्रॉ) आहेत. तुमची पुंगळीसुद्धा शेवटी ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचा ओढलेला कपच आहे. आमचे फोरमन सांगायचे, जॉब डायला चिकटला तर आधी वंगण बघ, मग डाय बघ, पोराला शिव्या सगळ्यात शेवटी घाल. तुमच्याकडे सुरुवातच शेवटापासून होते.

पहिला फोन: ल्यूबवाल्यांनी डायवाल्यांकडे पाठवलं. दुसरा फोन: डायवाले म्हणाले ल्यूब कमी पडलंय, भरपूर लावा. तिसरा फोन: डायवाल्यांनी परत ल्यूबवाल्यांकडे. चौथा लागलाच नाही. एकाच छपराखालची दोन खाती, आणि मधे मी टेबल टेनिसचा चेंडू.

आता पाचवा. हा मी सविस्तर लिहिणार आहे, कारण रात्रभर तोच डोक्यात घोळतोय.

आधी इंग्रजीत चाललं होतं. मी सगळी हकिगत सांगितली. मधे हेही सांगितलं, की तुमचा डाय अडकल्यावर क्लबातल्या एका मित्राचा डाय आणला आणि तुमच्या दुसऱ्या फोनवरच्या सल्ल्याप्रमाणे भरपूर ल्यूब लावलं. पुंगळ्या अडकल्या नाहीत, पण खांद्यावर, मानेखालच्या उतारावर, खळगे पडले. पडणारच. जास्तीचं ल्यूब खांद्यापाशी कोंडतं, डायच्या भोकातून बाहेर पडायला वाव मिळत नाही, आणि द्रव तर दबत नाही, मग पितळ दबतं. खांद्याला ल्यूब नकोच असतं. हवं असतं ते खाली, बुडाजवळच्या जाड भिंतीला, आणि तेही बोटाला जेमतेम जाणवेल इतकंच.

सेंटरवरची मुलगी म्हणाली, “सर, पुंगळी अडकली म्हणजे ल्यूब कमी लावलं असणार.”

मी म्हटलं, “म्हणून मग भरपूर लावलं, तर खळगे पडले.”

“मग जास्त लावलं असणार.”

“बरं. मग किती लावू?”

कीबोर्डची टकटक. बराच वेळ टकटक. मग, “योग्य प्रमाणात, सर.”

मी गप्प बसलो. घरात सगळ्यांना माहीत आहे, मी गप्प बसलो की काय होतं ते. तिने बहुधा स्क्रीनवर माझं आडनाव वाचलं, कारण एकदम मराठी सुरू झालं. “काका, तुम्ही मराठी का? अहो, मग आधी सांगायचं! एक सांगू का? आमची आजी शिलाई मशीनला खोबरेल तेल लावायची. एकदम स्मूथ. तुम्ही खोबरेल लावून बघितलंत का?”

साहेब, मी तुमच्याकडून १६ डॉलरचं ल्यूब घेतलं. ते का चालत नाही असं विचारल्यावर कंपनीचं अधिकृत उत्तर खोबरेल तेल. पुढच्या फोनला काय, उटणं? शिलाई मशीनला हलकं पातळ तेल पुरतं. इथे फुगलेली पितळी पुंगळी पोलादी डायमध्ये दाबून आवळायची असते. तिथे दोन धातूंच्या मधे टिकणारा पापुद्रा लागतो, नुसता ओशटपणा नाही. तो पापुद्रा फाटला की पितळ डायच्या भिंतीला वेल्ड होतं आणि नंतरच्या प्रत्येक पुंगळीवर ओरखडे उठतात. हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्याच डायच्या माहितीपत्रकात पान ३ वर छापलंय.

मुलीवर माझा राग नाही. तिने प्रेस बघितलेला नाही, आणि बघणार कुठून? भारतात परवान्याशिवाय काडतूस घरी बनवताच येत नाही, १९५९ पासून शस्त्र कायदाच तसा आहे. तिला शिकवायची जबाबदारी कोणाची? माझी? तसं काल शिकवलंच मी. माझ्या फोनच्या खर्चाने.

त्यानंतर तिने विचारलं, साइज करून झाल्यावर ल्यूब कशाने काढता? मी म्हटलं, टंबलरमध्ये, म्हणजे पुंगळ्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्रात, मक्याच्या कणसाचा भुसा घालून अर्धा तास. तर म्हणे, “घरातला काच पुसायचा स्प्रे वापरा, पटकन निघतं.” माझ्या घरातल्या त्या स्प्रेमध्ये अमोनिया आहे. अमोनिया आणि ताण असलेलं पितळ यांचं नातं कोणाला शिकवायचंच असेल, तर निदान हिंदुस्थानातल्या माणसाला शिकवू नका. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या. दमट हवा, घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढताना पितळात राहून गेलेला ताण, हे त्याचं कारण आहे हे १९२१ साली सिद्ध झालं. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आता तुमचा विभाग ग्राहकांना घरच्या घरी तबेला करायला सांगतोय.

मग मी सुपरवायझर मागितला. सुपरवायझर आला, पुन्हा इंग्रजी, आणि तो याहून वरचढ निघाला. म्हणाला, “आमचं नवं ल्यूब काढायची गरजच नाही. तसंच लोड करा.”

हे वाक्य कुठे रेकॉर्ड झालं असेल तर स्वतः बसून ऐका. गोळी सुटते तेव्हा पुंगळी फुगून चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, भिंत धरते, आणि मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टवर येणारा काही जोर ती पकड खाते. पुंगळी ओशट असेल तर पकड कमी, जास्त जोर बोल्टवर. .३०८ ला कमाल दाब ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) धरतात. त्या बोल्टच्या मागे माझं थोबाड असतं, तुमच्या सुपरवायझरचं नसतं. शिवाय मानेच्या आत राहिलेलं ल्यूब बारुदाला लागतं ते वेगळंच. साइज करून झालं की ल्यूब निघालंच पाहिजे. टंबलर, अल्कोहोलचं फडकं, काहीही चालेल, पण निघालं पाहिजे. तुमच्या जुन्या बाटलीवर हे ठळक छापलेलं होतं. नव्या बाटलीवरून ते गाळलंय. जागा पिवळ्या चकतीला हवी होती बहुतेक.

आता मुद्द्याचं. “फॉर्म्युला बदललेला नाही,” असं तुमचे तिघेजण मला सांगून चुकले आहेत. म्हणून मी परवा रात्री गॅरेजमध्ये दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या. काचेवर एकेक थेंब टाकला. जुन्याचा थेंब काही मिनिटांत उडाला, मागे चिकट ठसा राहिला. नव्याचा थेंब आधी दुधाळ झाला आणि अर्ध्या तासानंतरही ओलाच. मग मित्राच्या डायमध्ये, त्याच दिवशी, त्याच लॉटच्या दहा पुंगळ्या जुन्या ल्यूबने आणि दहा नव्याने, दोन्हींना सारखेच फवारे. जुन्या दहा लोण्यासारख्या गेल्या. नव्या ल्यूबने तिसरीलाच डाय कुरकुरला. मित्राचा डाय, म्हणून तिथेच थांबलो.

आणि या सगळ्याची गरजच नव्हती. जुन्या बाटलीच्या मागे ज्वालाग्राहीची खूण आहे, ज्योतीची. नव्या बाटलीवर ती नाही. म्हणजे अल्कोहोल गेलं आणि पाणी आलं. पाण्याला सुकायला अल्कोहोलपेक्षा जास्त वेळ लागतो हे माझ्या नातवालाही कळतं, आणि तुम्ही छापता ‘थांबायची गरज नाही’. वाट बघायची गरज आधी होती त्यापेक्षा आता जास्त आहे! बदला की फॉर्म्युला, तुमची कंपनी आहे. अल्कोहोल महागलं असेल, पार्सलचा त्रास होत असेल, कारणं असतील. पण पार्ट नंबर तोच, चित्र तेच, आणि विचारल्यावर ‘काही बदललेलं नाही’? आणि वर मलाच, एकाच फोनमध्ये, कमी लावलं आणि जास्त लावलं?

अडकलेली पुंगळी काढायचं किटही तुम्हीच विकता. घेतलं. बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या प्रायमरच्या भोकातून ड्रिल मारलं, १/४-२० मापाचे आटे पाडले, त्यात स्क्रू आवळला. पितळातले आटे निघून हातात आले, पुंगळी जागची हलली नाही. धंदा म्हणून सुरेख जमवलंय: अडकवायचं साहित्य एका खात्यातून, सोडवायचं दुसऱ्यातून. तिसरं खातं उघडलं असेल तर खोबरेल त्याच्याकडे द्या.

मला काय हवंय ते लिहितो, नाहीतर पुन्हा कोणीतरी ‘ग्राहकाला नेमकी काय अपेक्षा आहे’ असं विचारायला फोन करील. बाटलीत काय बदललं ते सांगा. ‘थांबायची गरज नाही’ काढा आणि ‘लोड करण्याआधी ल्यूब पुसा’ हे पुन्हा छापा. हे दुसरं माझ्यासाठी नाही, उद्या तुमच्या सुपरवायझरचं ऐकून तशीच लोड करणाऱ्या पोरासाठी. डाय बदलून द्या. पैसे परत दिलेत तर बाटलीचेही द्या, किटचेही द्या.

दोन आठवडे वाट बघतो. नंतर क्रेडिट कार्डवाल्यांकडे तक्रार, आणि दोन्ही थेंबांचे फोटो आमच्या रेंजच्या नोटीस बोर्डवर. या उन्हाळ्यात कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांना जाणारे आमच्या क्लबातले बरेच जण तुमचंच ल्यूब वापरतात. अजून तरी वापरतात. हा बोर्ड सगळे वाचतात, कारण कॉफी मशीन त्याच्याच खाली आहे.

खरं सांगायचं तर धमकी द्यायची नव्हती. इथे आल्यावर रीलोडिंगचं पहिलं सामान घेतलं ते तुमचंच. तेव्हा फोन केला की पलीकडे एक म्हातारा उचलायचा. “मानेच्या आत ग्रॅफाइट लावलं का? मान रुंदावणारा एक्सपांडर ओढताना किंचाळतो का?” असं विचारायचा, आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबायचा. दर वेळी त्याचं बरोबरच असायचं असं नाही. पण तो प्रेसशेजारी बसून बोलतोय हे ऐकू यायचं. तो निवृत्त झाला असेल. त्याच्या जागी स्क्रीन बसवलीत तेव्हा त्याला माहीत होतं ते निदान त्या स्क्रीनवर तरी लिहून घ्यायचं होतं.

डाय पार्सलने निघालाय, पुंगळीसकट. पोस्टाची पावती आत आहे, १८ डॉलर ४० सेंट. जुन्या ल्यूबचा नमुना पाठवला नाही, ज्वालाग्राही आहे. नव्याचा पाठवलाय.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
क्लीव्हलंडजवळ, ओहायो

ता. क. बायकोने कुतूहल म्हणून खोबरेलाची बाटली गॅरेजमध्ये नेऊन ठेवली होती. आत्ता बघितली. मार्च आहे, दगड झालाय तिचा. तरी कळवा, किती लावायचं ते. योग्य प्रमाणात.