‘लोक’ लिहिलेल्या तीन कॅसेटी

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

फोन करून आभार मानले असते तर तुम्ही “बरं बरं, ठेव आता” म्हणून फोन ठेवला असता. पाडव्याला कार्यक्रम संपल्यावरही तेच झालं. मी पाया पडायला आले, तोवर तुम्ही ट्रायपॉड काखेत मारून जिना उतरला होतात. म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम चारचौघांसमोर. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. आपल्या इंदूरच्या लोकमान्य नगरात ते सांगावंही लागणार नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. 1993 च्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या लोकांनी चाळीस मिनिटांचा एक विनोदी सिनेमा केला. कॅमेरा काकांचा, लग्नाच्या शूटिंगचा. एडिटिंग काकांचं, दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून. त्यातले नाना म्हणजे माझे बाबा. नानांनी टेलिफोनसाठी अर्ज केलेला असतो. त्या काळी फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, पण नाना गल्लीभर सांगून बसलेले असतात की दिवाळीच्या आत फोन येणार. फोन येत नाही आणि नाना ते कबूल करत नाहीत. एवढीच गोष्ट. मांडवात दोन टीव्ही लावून ती दाखवली आणि इतकी चालली की 1995 मध्ये नानांची स्कूटर आली, 1998 मध्ये नानांचा रंगीत टीव्ही. नंतर मंडळी पांगली, कोणी पुण्याला, कोणी बंगळूरला. 2017 मध्ये बाबा गेले.

गेल्या गणपतीत सगळ्यांनी धरलं, चौथा भाग झालाच पाहिजे, आणि तो मीच लिहायचा. बारा दिवसांत अडतीस पानं लिहून काढली. बाबांचा गाजलेला “नंबर लागलाय” त्यात अकरा वेळा होता. स्कूटर होती, शोकेसमधला काळा फोन होता, बाबांची टोपी होती, आणि शेवटी त्यांच्या फोटोवर हळूहळू वाढत जाणारा उजेड. लिहिताना मी रडले होते. मंडळात वाचून दाखवलं तेव्हा चार बायकांनी डोळे पुसले. त्या आनंदात मी वही घेऊन तुमच्याकडे आले.

तुम्ही अडतीसही पानं वाचलीत, मध्ये चहा गार झाला. मग चष्मा काढून म्हणालात, “श्राद्ध छान लिहिलंयस गं. सिनेमा कुठाय?”

काका, ते वाक्य मला फार लागलं. रात्रभर झोप आली नाही. दोन दिवस मी तुमच्या घरावरून जायचं टाळलं, भाजीला पलीकडच्या रस्त्याने गेले. तिसऱ्या दिवशी तुमचाच फोन. “रागावून झालं असेल तर ये. आणि घरी असतील नसतील तेवढ्या कॅसेटी घेऊन ये.”

माझ्याकडच्या कॅसेटींची दशा तुम्ही पाहिलीत. स्कूटरवाला भाग मी आधी एका दुकानात डिजिटल करायला दिला होता. त्यांनी बुरशी न काढता तसाच मशीनमध्ये घातला आणि सुरुवातीची अकरा मिनिटं गेली. ती परत येणार नाहीत. म्हणून तुम्ही जुना व्हीसीआर उघडून बसलात तेव्हा मी श्वास रोखून पाहत होते. स्पिरिटमध्ये बुडवलेलं मऊ कातडं ड्रमवर, म्हणजे फीत ज्याला घासून जाते त्या फिरत्या डब्यावर टेकवायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. पुसायचं ते आडवं, उभं कधीच नाही, नाहीतर फीत वाचणारं हेड तुटतं. फीत काठाला पांढरी पडली होती, तिथे तुम्ही वीत वीत पुढे गेलात. घाई चालतच नाही या कामात. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात.

आणि मग तुम्ही तुमच्या कपाटातून त्या तीन कॅसेटी काढल्यात. पाठीवर बॉलपेनने लिहिलेलं होतं, ‘लोक, 1993’, ‘लोक, 1995’, ‘लोक, 1998’.

मला माहीतच नव्हतं. पहिल्या खेळाच्या रात्री मांडवात सगळी गल्ली टीव्हीकडे तोंड करून बसली होती आणि तुम्ही कॅमेरा उलटा, गल्लीकडे लावला होता. लोक कुठे हसतात ते तुम्हाला बघायचं होतं. पुढच्या दोन्ही वेळेलाही तेच केलंत. आपण टीव्हीवर कापड टाकलं आणि नुसतं ऐकलं. 1993 ची ती जागा तुम्ही पाच वेळा मागे नेलीत. शेजारी विचारतो, “काय नाना, फोन आला का?” मग काहीच नाही. शांतता. मी मनात चार मोजले. त्या शांततेतच मागून कुणाच्या तरी आजीचं हसू फुटतं, मग मांडवभर लाट जाते, आणि लाट ओसरत आल्यावर बाबांचा आवाज, “नंबर लागलाय.”

हसू वाक्याच्या आधी आलं होतं! बाबांचा गंभीर चेहरा पाहून लोक हसले, त्या चेहऱ्यामागची सगळी झटापट दिसली म्हणून. आणि अख्ख्या पहिल्या भागात ते वाक्य एकदाच आहे. आमच्या घरात ते इतकं चालायचं की चाळीस मिनिटांत नाना दुसरं काही बोलतच नसावेत असं मी धरून चालले होते.

मग 1998 लावलीत. तिथे ते सात वेळा आहे. पहिल्यांदा टाळ्या पडल्या, कडकडून. तुम्ही बोट वर केलंत. “ऐक. टाळी आणि हसू, फरक ऐक. ओळख पटली की टाळी पडते. माणूस बेसावध असला तरच हसतो.” सातव्या वेळी पुढे बसलेली पोरं बाबांच्या आधीच ते म्हणून मोकळी झाली आणि मोठी माणसं आपसात बोलत होती. तुम्ही एवढंच म्हणालात, “इथे नाना संपला. तुझ्या बाबांना त्या रात्रीच कळलं होतं. म्हणून चौथा केला नाही.” मी इतकी वर्षं समजत होते की मंडळी पांगली म्हणून चौथा झाला नाही.

तरी मी वाद घातला, आठवतं ना? म्हटलं, लोकांना जुनंच हवं असतं, काका. ‘नवरा माझा नवसाचा’चा दुसरा भाग वीस वर्षांनी, 2024 मध्ये आलाच की. तुम्ही हसलात. “आला, पण काय बदललं ते बघ. एसटी होती, कोकण रेल्वे झाली. अशोक सराफ कंडक्टर होते, टीसी झाले. नवस फेडायला गणपतीपुळ्याला निघालेला माणूस आहे तोवर गाडी कुठलीही चालेल. तुझ्या नानांचं इंजिन कुठलं, ते सांग आधी.” आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’चं तुमचं म्हणणं मी अजून मनात घोळवते. 2003 चा पहिला भाग मेडिकल कॉलेजात घडतो. 2006 च्या दुसऱ्यात ते कॉलेजही नाही आणि ती नायिकाही नाही. बोमन इराणी परत आले ते वेगळाच माणूस होऊन. मुन्ना आणि सर्किट तेवढे तेच, आणि या खेपेला त्यांच्यासमोर थेट गांधीजी उभे केले. मागच्या गोष्टीची काडीचीही उसनवारी नाही. पहिला भाग न पाहिलेल्या माणसाचंही काही अडत नाही.

माझं डोकं खरं उघडलं ते कलाकार निवडताना. सगळ्यांचं मत होतं की माझ्या चुलतभावाने नाना करावा. तो बाबांसारखा दिसतो, आवाज हुबेहूब काढतो. तुम्ही नाही म्हणालात आणि मला घरी बसवून ‘द नेकेड गन’ हा इंग्रजी विनोदी पोलिसपट दाखवलात, आधी 1988 चा, मग 2025 चा. जुन्यात पोलिस झालेल्या लेस्ली नीलसन यांनी 1980 मध्ये विनोदी सिनेमात येण्याआधी कितीतरी वर्षं गंभीर कामं केली होती आणि विनोदातही ते त्याच चेहऱ्याने उभे राहिले. आपण विनोदी सिनेमात आहोत हे त्या पोलिसाच्या गावीही नाही. 2010 मध्ये ते गेले. नवा भाग करताना त्यांच्यासारखा दिसणारा माणूस शोधला नाही, लियाम नीसन यांच्यासारखा धीरगंभीर नट घेतला आणि त्याला त्या पोलिसाचा मुलगा केला. सुरुवातीला मुलगे आपापल्या वडिलांच्या तसबिरींसमोर उभे राहतात ना, तिथे तुम्ही सिनेमा थांबवलात. “बघ, फोटोचं काम केवढ्यात आटोपलं. एकदा नमस्कार केला आणि लागले कामाला. तू त्याच्यावर सात पानं घालवलीस.”

त्या रात्री घरी येऊन मी ती सात पानं काढली. हात थरथरत होता, पण काढली.

नानांचं इंजिन शेवटी असं निघालं: हा माणूस ‘मला जमलं नाही’ एवढं सोडून जगातलं काहीही बोलू शकतो. फोन, स्कूटर, टीव्ही ही नुसती निमित्तं होती. मग तुम्ही विचारलंत, “आज इंदूरात कुठली गोष्ट जमली नाही असं सांगायला माणसाला लाज वाटेल?” तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली आणि आपण दोघंही खिडकीकडे पाहत राहिलो.

2017 पासून स्वच्छतेत पहिलं येणारं शहर आपलं. चौथ्या भागात नानांची मुलगी गल्लीला कचऱ्याचे सहा प्रकार शिकवणारी, दुसऱ्याच्या डब्यात वाकून बघणारी. आणि तिचीच नथ भाजीच्या सालांबरोबर ओल्या कचऱ्यात जाते. गाडी निघून गेलेली. ओरडून थांबवावी तर गल्लीसमोर कबूल करावं लागेल. म्हणून ती तोंडातून अवाक्षर न काढता अॅक्टिव्हावरून गाडीच्या मागे लागते. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगते की मी तपासणीला निघाले आहे. पुढे देवगुराडियाचा प्रकल्प, दिवसाला 550 टन ओला कचरा घेणारा, आणि त्यात तिची एक नथ. हे सुचलं तेव्हा तुम्ही टेबलावर थाप मारलीत. सबंध पाच महिन्यांत तुम्ही एकदाच केलेलं ते कौतुक.

नथवालीचं काम कधीही नाटकात न उतरलेल्या बँकेतल्या ताईंना द्यायचं तुम्हीच ठरवलंत, कारण त्या आयुष्यात कुणाला ‘चुकलं’ म्हणालेल्या नाहीत. पहिल्या तालमीत त्या हसवायचा प्रयत्न करू लागल्या. तुम्ही त्यांना विनोदी नट जॉनी वॉकर यांची गोष्ट सांगितलीत. ते आपल्या इंदूरचे. जन्मभर दारुड्याची कामं केली आणि स्वतः कधी दारू प्यायले नाहीत. “त्यांचा दारुडा झोकांडत नाही हो, सरळ चालायचा प्रयत्न करतो. तुम्हीही काहीच झालं नाही असं दाखवायचा प्रयत्न करा. बाकीचं लोक बघतील.” त्यानंतर ताईंना काही सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. मंडळातल्या एका मुलाने कॅसेटींवरून संगणकावर बाबांचा आवाज तयार करून दिला होता. शेवटच्या प्रसंगात फोनवरून नाना बोलतील, असा विचार होता. मी तो आवाज ऐकला आणि माझं मन डळमळलं. तुमच्याकडे आणला. तुम्ही हेडफोन लावून ऐकलंत, बराच वेळ काही बोलला नाहीत. तुमचा तर तो मित्र होता. मग म्हणालात, “हा तुझ्या घरी ठेव. पडद्यावर आला तर नाना बोलणार नाही, तुझा बाप बोलेल. लोक रडतील. त्या बिचाऱ्या बाईची नथ कोण शोधेल मग?” आपण तो वापरला नाही. या एका ‘नाही’साठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे. त्या दिवशी मला तसं सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

पाडव्याला सभागृहात निम्म्याहून जास्त मंडळी अशी होती ज्यांनी नाना कधी पाहिलेच नव्हते. पोरंटोरं, नव्या सुना, समोरच्या बिल्डिंगमधली हिंदी बोलणारी दोन कुटुंबं. “नंबर लागलाय” एकदाही आलं नाही. ताई ट्रान्सफर स्टेशनच्या, म्हणजे गल्लोगल्लीच्या गाड्या कचरा रिकामा करतात त्या ठिकाणाच्या दारात उभ्या राहतात, चौकीदार विचारतो, “क्यों मैडम, कुछ गिर गया क्या?” आणि ताई नुसत्या बघत राहतात. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. पुढचं मोजता आलं नाही, कारण डावीकडून एका लहान मुलीचं हसू फुटलं आणि मग सगळं सभागृह. आई माझ्या शेजारी होती. पदर तोंडाला लावून हसत होती, बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मी बाजूला वळून पाहिलं. तुम्ही पहिल्या रांगेच्या पुढे, भिंतीला टेकून उभे होतात. पडद्याकडे तुमची पाठ होती आणि कॅमेरा आमच्याकडे.

कॅमेऱ्यातलं ते मेमरी कार्ड तुमच्याकडेच आहे. येत्या रविवारी सकाळी घरी या. पोहे करते, जिरावन मसाला आणि शेव घालून, जिलबी कोपऱ्यावरून आणीन. टीव्हीवर कापड टाकू आणि ऐकू.

आपली,
नानांची मुलगी