प्रयोगशाळेतील टर्मिनलवर गिटची स्थिती दिसावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवे सत्र सुरू होण्यापूर्वी महाविद्यालयांतील संगणक प्रयोगशाळांची आवराआवर चालते. यंत्रांवर प्रणाली नव्याने बसवली जाते, गेल्या वर्षीची खाती काढून टाकली जातात आणि नव्या विद्यार्थ्यांची उघडली जातात. कोल्हापूर आणि परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांच्या प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांनी याच धांदलीत आणखी एक छोटे काम उरकून घ्यावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गिट म्हणजे प्रोग्रामच्या फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, आणि प्रॉम्प्ट म्हणजे टर्मिनलमध्ये (कमांड लिहिण्याच्या खिडकीत) कमांडच्या आधी दिसणारा मजकूर. या प्रॉम्प्टमध्ये गिटची चालू स्थिती आपोआप दिसेल, अशी सोय प्रत्येक विद्यार्थ्याच्या खात्यात पहिल्या दिवसापासून असावी.

मी येथील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि इंटर्नशिपसाठी येणाऱ्या मुलामुलींना कामाला लावणे माझ्याकडे असते. मुले हुशार असतात. गिटच्या कमांड त्यांना तोंडपाठ असतात, कारण जर्नलमध्ये त्या उतरवून घेतलेल्या असतात. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. दूध संकलनाच्या हिशेबाचा प्रकल्प चालू असतो, मुलाने ‘बिल-दुरुस्ती’ या ब्रांचवर, म्हणजे प्रकल्पाच्या वेगळ्या शाखेवर, काम करायचे ठरलेले असते. मधेच काही तपासायला तो ‘मेन’ या मुख्य ब्रांचवर जातो, जेवून येतो आणि दुपारचे सगळे कमिट, म्हणजे बदलांच्या पक्क्या नोंदी, ‘मेन’वरच करून मोकळा होतो. समोरच्या प्रॉम्प्टवर खात्याचे, यंत्राचे आणि फोल्डरचे नाव एवढेच असते. ब्रांच बदलली तरी फोल्डर तोच राहतो, म्हणून त्याच्या डोळ्यांना काहीच वेगळे दिसत नाही. गाडी गारगोटीची की गडहिंग्लजची, हे पाटी नसलेल्या एस.टी.त बसलेल्या माणसाला कळत नाही, तसाच हा प्रकार. चालू स्थिती सांगणारी ‘गिट स्टेटस’ ही कमांड वारंवार चालवा, असे सांगून भागत नाही. ज्याला शंकाच आलेली नाही, तो ती कशाला चालवील?

यावरचा उपाय गिटसोबतच येतो, ही गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या विकासासाठी गिट लिहिले. प्रॉम्प्ट ठरवणारे ‘पीएस१’ हे चल (व्हेरिएबल) त्याहून बरेच जुने, १९७९च्या बोर्न शेल या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामपासूनचे. आज लिनक्सवर सर्रास आढळणाऱ्या बॅश या शेलमध्येही ते तसेच चालत आले आहे. गिट आणि पीएस१ या दोहोंना जोडणारी एक छोटी स्क्रिप्ट गिटच्या प्रकल्पातच ठेवलेली असते. उबुंटूवर गिट बसवले की ती यंत्रावर येते, आणि विंडोजवरील गिट बॅश तर तिच्याच आधारे ब्रांचचे नाव मुळातच दाखवते. ती जोडून बदलांची चिन्हे दाखवण्याचा पर्याय चालू केल्यावर प्रॉम्प्ट असा दिसतो:

विद्यार्थी@लॅब:~/दूधहिशेब (बिल-दुरुस्ती *+)$

कंसातील पहिला शब्द ब्रांचचा. तारा (*) दिसला तर फाइलीत बदल झाला आहे, पण तो स्टेज केलेला, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडलेला, नाही. अधिकचे चिन्ह दिसले तर काही बदल स्टेज होऊन कमिटची वाट पाहत आहेत. दोन्ही एकदम दिसली की काम अर्धेमुर्धे आहे, असे समजावे. आणखी एक पर्याय चालू केला तर गिटला अद्याप न सांगितलेल्या नव्या फाइलींसाठी टक्क्याचे चिन्ह येते. ते नवशिक्यांच्या फार उपयोगाचे आहे, कारण नवी फाइल जोडायची राहून जाणे आणि मग ‘माझ्या यंत्रावर तर चालते’ असे म्हणणे हे नित्याचेच. सर्व्हरवरील ब्रांचपेक्षा आपण पुढे आहोत की मागे, हेही बाणासारख्या चिन्हांनी दाखवता येते. परंतु ही तुलना शेवटच्या फेचच्या, म्हणजे सर्व्हरवरून नोंदी आणण्याच्या, वेळी मिळालेल्या माहितीवर चालते, ताज्या माहितीवर नव्हे, हे शिकवताना सांगून ठेवावे. मर्ज (दोन ब्रांच एकत्र करणे) अर्ध्यावर अडकले असेल किंवा रिबेस (एका ब्रांचचे कमिट दुसरीवर पुन्हा रचणे) चालू असेल तर कंसात तसे शब्दच उमटतात. माझ्या मते या साऱ्या सोयीतील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, कारण अर्धवट मर्जमध्ये अडकलेला विद्यार्थी बहुधा पूर्ण फोल्डर पुसून प्रकल्प पुन्हा क्लोन करतो, म्हणजे सर्व्हरवरून त्याची नवी प्रत घेतो, आणि दिवसभराचे काम घालवून बसतो.

व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये ब्रांचचे नाव खालच्या पट्टीत दिसतेच, मग हा खटाटोप कशाला, असे विचारले जाईल. एडिटर उघडा असेपर्यंत ते ठीक आहे. एसएसएचने, म्हणजे टर्मिनलवरून सुरक्षित जोडणी करून, दूरच्या सर्व्हरवर गेल्यावर ती पट्टी बहुतेक वेळा नसते, टर्मिनल तेवढे असते. आणि तिथे चुकीच्या ब्रांचवर केलेल्या कामाची किंमत ग्राहक मोजतो.

जोडणी करताना तीन-चार ठिकाणी हमखास ठेच लागते. पीएस१ची व्याख्या एकेरी अवतरणचिन्हांत लिहावी. दुहेरी चिन्हांत लिहिली तर टर्मिनल उघडताना जी ब्रांच होती तिचे नाव एकदाच भरले जाते आणि नंतर काहीही केले तरी तेच दिसत राहते. असा खोटे बोलणारा प्रॉम्प्ट असण्यापेक्षा साधा प्रॉम्प्ट बरा. रंग द्यायचे असतील तर रंगांचे संकेत उलट्या तिरक्या रेघेसह येणाऱ्या चौकोनी कंसांत बंद करावेत, नाहीतर बॅशला ओळीची लांबी चुकीची वाटते आणि लांब कमांड लिहिताना मजकूर त्याच ओळीवर चढतो. ही मांडणी ‘ईटीसी’ या प्रणालीच्या फोल्डराखालील ‘स्केल’ फोल्डरातल्या बॅशआरसी फाइलीत (बॅश सुरू होताना ती वाचतो) करावी, कारण नवे खाते उघडताना तेथील फाइलींची प्रत विद्यार्थ्याच्या होम फोल्डरात जाते. म्हणूनच हे काम खाती उघडण्याआधी व्हायला हवे. आधीच्या खात्यांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

वेगाची तक्रारही येईल. ब्रांचचे नाव काढणे स्वस्त असते. त्यासाठी प्रकल्पातील ‘डॉट गिट’ या गिटच्या फोल्डरमधील ‘हेड’ नावाच्या फाइलीतली एक ओळ वाचली की बहुतेक वेळा काम भागते. तारा आणि टक्का दाखवण्यासाठी मात्र गिटला फाइलींची तपासणी करावी लागते आणि ही तपासणी दर एंटरला होते. होम फोल्डर नेटवर्कवर असतील किंवा रिपॉझिटरी, म्हणजे गिटने सांभाळलेला प्रकल्प, फार मोठी असेल तर टर्मिनल अडखळू लागते. अशा वेळी सगळेच काढून टाकण्याची गरज नाही. त्या एका रिपॉझिटरीपुरती ही तपासणी बंद करण्याची सेटिंग गिटमध्ये आहे आणि ती केल्यावरही ब्रांचचे नाव दिसत राहते.

मुलांना ‘ओह माय झेडशेल’ किंवा ‘स्टारशिप’ या जोडसाधनांच्या सजवलेल्या प्रॉम्प्टची भुरळ पडते, आणि घरच्या लॅपटॉपवर त्यांनी ती हौस खुशाल करावी. प्रयोगशाळेत मात्र मला ते पटत नाही. अशा काही प्रॉम्प्टना खास चिन्हे असलेला फॉन्ट लागतो. तो नसला की चिन्हांच्या जागी चौकोन उमटतात, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला तो चौकोन म्हणजे गिटचाच काही इशारा वाटतो.

शेवटी सुरक्षिततेविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण प्रयोगशाळेतील यंत्र अनेकांच्या हातातले असते. एप्रिल २०२२ मध्ये गिटमधील एक दोष जाहीर झाला. अनेकजण वापरत असलेल्या विंडोज यंत्रावर कोणी सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘डॉट गिट’ नावाचा फोल्डर करून ठेवला, तर रिपॉझिटरीबाहेर चालवलेली गिट कमांडही त्याच्यातील सेटिंग वाचत असे आणि त्या सेटिंगमधून परका प्रोग्राम चालवता येत असे. प्रॉम्प्ट स्वतःहून गिट चालवतो. त्यामुळे गिट बॅशमध्ये बदलांचे चिन्ह दाखवण्याचा पर्याय चालू ठेवलेल्यांनाही हा धोका असल्याचे त्या वेळच्या सूचनेत स्पष्ट म्हटले होते. म्हणजे विद्यार्थ्याने गिटची एकही कमांड दिलेली नसताना हे घडू शकत होते. २.३५.२ या आवृत्तीपासून फोल्डरची मालकी दुसऱ्याची असेल तर गिट मुळात कामच नाकारते. म्हणून प्रयोगशाळेत आधी गिटची आवृत्ती पाहावी, ती जुनी असेल तर बदलावी आणि मगच प्रॉम्प्टला हात लावावा.

या दुरुस्तीचा एक परिणाम गट-प्रकल्पांत जाणवतो. चौघांनी मिळून वापरायचा फोल्डर एकाच्या नावावर असतो, आणि बाकी तिघांच्या प्रॉम्प्टमधून गिटचा कंस एकाएकी नाहीसा होतो. प्रॉम्प्ट बिघडला असे समजून बॅशआरसी उसकटू नये. ज्याच्या त्याच्या खात्यात ‘सेफ डिरेक्टरी’ या सेटिंगमध्ये त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहावा, म्हणजे कंस परत येतो. सोपे पडते म्हणून तेथे मार्गाऐवजी तारा टाकण्याचा सल्ला कोणी देईल. तो सामायिक यंत्रांवर मुळीच मानू नये, कारण त्याने मालकीची ही तपासणी सगळ्याच फोल्डरांसाठी बंद होते.

कळावे,
आपला,
एक वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर