बाई, तुमच्या त्या दोन थेंबांसाठी

आदरणीय बाई,

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण बांबोळीपासून दोनापावलपर्यंत ज्यांनी कधी प्रथिनं शुद्ध केली आहेत, त्यांना ओळख पटेल.

आमचं काम पीटीपी१बी या मानवी फॉस्फेटेजवर, म्हणजे फॉस्फेट उतरवणाऱ्या एन्झाइमवर. इन्शुलिन पेशीला येऊन चिकटलं की रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीवरच्या ग्राहक प्रथिनाच्या, टायरोसिन नावाच्या घटकांवर फॉस्फेट चढतात आणि साखर आत घ्यायचा निरोप पुढे जातो. हे एन्झाइम ते फॉस्फेट उतरवतं आणि निरोप तिथेच थांबतो. १९८८ मध्ये ते पहिल्यांदा शुद्ध केलं गेलं ते बाळंतपणानंतर पडणाऱ्या मानवी वारेतून. १९९९ मध्ये त्याचं जनुक काढून टाकलेले उंदीर इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात आणि चरबीयुक्त खाण्यावरही फारसे लठ्ठ होत नाहीत असं दिसलं, तेव्हापासून मधुमेहावर काम करणाऱ्यांचं त्याच्यावर लक्ष आहे. आज वार लागत नाही. मानवी जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालायचं, प्रथिनाला निकेलला चिकटणाऱ्या सहा हिस्टिडिनांची शेपटी जोडायची, निकेलच्या कॉलमवर ते अडकवायचं आणि इमिडाझोल या रसायनाने सोडवून घ्यायचं. विकतही मिळतं, पण मायक्रोग्रॅमच्या भावाने, आणि आमच्यासारख्या छोट्या प्रयोगशाळेला तो भाव झेपत नाही. तुम्ही तुमच्याकडचा प्लाझमिड, म्हणजे ते जनुक वाहून नेणारा डीएनएचा वेटोळा, दिलात, वर कॉलमपाशी माझ्या शेजारी उभ्या राहिलात.

एन्झाइम कसं सांभाळायचं ते मी तुमच्याकडून शिकले. ग्लिसरॉल घालून अगदी छोट्या वाटण्यांत उणे ८० अंशांवर ठेवायचं, एकदा वितळलेली नळी परत गोठवायची नाही, व्होर्टेक्सवर, म्हणजे जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर, धरायची नाही, फॉस्फेटचं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) तर जवळही आणायचं नाही, कारण फॉस्फेट हे या अभिक्रियेतलं उत्पादन, तेच एन्झाइमला अडवतं. आणि ऑक्सिडेशनपासून वाचवणारं डीटीटी हे रसायन रोज ताजं. एन्झाइमच्या साखळीतल्या २१५ क्रमांकाच्या सिस्टीन या घटकाचं गंधक ऑक्सिडाइझ झालं की एन्झाइम नळीत असूनही काम करत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात डीटीटीची बाटली उघडी राहिली तर काय होतं, हे तुम्ही इतक्या कळकळीने सांगितलंत की आमची मुलं आता झाकण लावल्याशिवाय एकमेकांशी बोलत नाहीत. चवथीच्या तोंडावर आमचा फ्रीझर बंद पडला, तेव्हा घरी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची राहिलेली असताना तुम्ही द्रव नायट्रोजन घेऊन आलात. त्याबद्दल काय लिहू? नळ्या वाचल्या.

पण खरे आभार त्या प्लेटचे. मांडवीकाठच्या खारफुटीच्या गळलेल्या पानांचे अर्क आम्ही तपासत होतो. एन्झाइम पीएनपीपी या चाचणीच्या रसायनावरचं फॉस्फेट काढतं, वर सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं की विहिरी, म्हणजे प्लेटमधले छोटे खळगे, पिवळ्या होतात, आणि ४०५ नॅनोमीटरवर तो पिवळेपणा मोजायचा. एका अर्काच्या विहिरी जवळजवळ पांढऱ्या राहिल्या होत्या, म्हणजे एन्झाइम अडलं होतं. सगळे हरखले. तुम्ही प्लेट खिडकीकडे तिरकी धरून बराच वेळ पाहिलीत आणि पानांतल्या त्या तुरट, प्रथिनांना चिकटणाऱ्या द्रव्याबद्दल विचारलंत, "पानांत टॅनिन किती?"

मग शेजारच्या ओळीत तोच अर्क पुन्हा लावायला सांगितलात, या वेळी विहिरींतलं प्रमाण ०.०१ टक्का होईल इतकं ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून. प्रत्येक विहिरीत ट्रायटनचे दोन थेंब तुम्ही स्वतः टाकलेत. ती ओळ पिवळीधम्मक झाली. टॅनिनांचे पुंजके एन्झाइमला नुसतेच गुंडाळून घेत होते, आणि डिटर्जंटने पुंजके फोडल्यावर एन्झाइम मोकळं झालं. तिसऱ्या ओळीत तुम्ही हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज घालायला लावलंत, कारण वनस्पतींतली काही द्रव्यं डीटीटीसोबत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि ते त्या २१५ क्रमांकाच्या सिस्टीनला ऑक्सिडाइझ करतं. अर्काचा स्वतःचा रंग वजा करायला चौथी ओळ.

पीटीपी१बीवर चाललेलं औषध अजून बाजारात आलेलं नाही. त्याची सक्रिय जागा, जिथे ते काम करतं, विद्युतभाराने भरलेली आहे आणि टीसीपीटीपी या भावंड एन्झाइमची जागा हुबेहूब तशीच, त्यामुळे एकाला अडवून दुसऱ्याला सोडणं फार अवघड. अशा ठिकाणी पहिल्याच प्लेटवर विसंबून गोव्याच्या खारफुटीत मधुमेहावरचा उपाय सापडला असं कोणी छापलं असतं, तर ज्यांच्या घरी रोज इन्शुलिन टोचलं जातं त्यांच्या आशेशी तो खेळ झाला असता. माझ्या आईच्या घरीही टोचलं जातं. म्हणून ती प्लेट मला इतकी मोलाची वाटते.

चारही ओळींतून अर्काचा एकच अंश टिकला आहे, तोही कमजोर. त्याच्यावर आता टीसीपीटीपी लावून पाहतो आहोत. एन्झाइमची नवी बॅच गेल्या आठवड्यात निघाली, जेलवर एकच स्वच्छ पट्टी आहे, म्हणजे ते शुद्ध आहे, तुमच्यासाठी दहा नळ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. पुढच्या महिन्यात दोन नवीन मुली येताहेत. त्यांना एक सकाळ द्याल का, बाई? गाडी पाठवते, आणि नेवऱ्या या वेळी आमच्याकडून.

तुमची,
कॉलमपाशी शेजारी उभी असलेली विद्यार्थिनी