नवऱ्याचे कागद आणि तुझे कार्ड

प्रिय मुग्धा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. लग्नाची तारीख ठरल्याचे वाचून फार आनंद झाला. मात्र जर्मनीत येण्यासाठी ए-वन पातळीची परीक्षा द्यावी लागणार म्हणून तू घेतलेली धास्ती वाचून लगेच उत्तर लिहायला बसले. जर्मन भाषेचा क्लास सोडू नकोस, इथे तिचा उपयोग पदोपदी होईल. परंतु ती परीक्षा ही तुझ्यासाठी अटच नाही. जर्मन नागरिकाशी लग्न करून येणाऱ्या भारतीय मुलीला ती साधारणपणे द्यावी लागते, आणि त्याच गल्लीत पोर्तुगीज नागरिकाची बायको म्हणून येणाऱ्या मुलीला ती लागत नाही, हे ऐकून इथले जर्मन शेजारीसुद्धा चकित होतात.

याचे कारण असे की, युरोपीय संघाच्या २००४ सालच्या अडतिसाव्या निर्देशानुसार संघातील एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात राहायला गेला, तर त्याच्या पत्नीला किंवा पतीला त्याच्यासोबत राहण्याचा हक्क मिळतो, मग तिचे नागरिकत्व कोणतेही असो. स्वतःच्याच देशात राहणाऱ्या जर्मन माणसाने सीमा ओलांडलेली नसते, म्हणून त्याच्या बायकोला जर्मनीचा कडक राष्ट्रीय कायदा लागू होतो. तुझा होणारा नवरा फोंड्याचा असला, तरी आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीच्या गोव्यातला असल्यामुळे तो आज पोर्तुगीज नागरिक आहे आणि श्टुटगार्टमध्ये नोकरी करतो आहे. तुझा हक्क या दोन गोष्टींमधून येतो. इथे आल्यावर तुला जे वास्तव्याचे कार्ड मिळेल, ज्याला इथे आउफेन्टहाल्ट्सकार्टे म्हणतात, ते हक्क देत नाही. आधीच असलेल्या हक्काचा तो दाखला असतो. हे मी मुद्दाम ठासून लिहिते आहे, कारण आपण सरकारी कचेरीत शिरताना नकळत हात जोडून शिरतो, आणि समोरच्याने नियमात नसलेला कागद मागितला तरी तो मुकाट्याने शोधायला लागतो.

म्हणून सगळ्यात आधी नवऱ्याचे कागद नीट जमव. तो तिथे खरोखर काम करतो आहे हे दाखवणारा नोकरीचा करार, पगाराच्या अलीकडच्या पावत्या आणि राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, एवढे त्याच्याकडून घे. तो पगारदार असल्यामुळे शिल्लक रकमेचा वेगळा पुरावा देण्याची गरज नसते. विद्यार्थी असता किंवा काम न करता राहत असता, तर पुरेसे उत्पन्न आणि आरोग्य विमा दोन्ही दाखवावे लागले असते. तुझ्या बाजूने पासपोर्ट आणि विवाहाचा दाखला लागेल.

खरी गुंतागुंत आहे ती या दाखल्याची. अपॉस्टिल म्हणजे सरकारी कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशांनी मानायचा शिक्का; भारत २००५ पासून त्या करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली असल्यामुळे आपल्या अपॉस्टिलचा शिक्का इथे चालत नाही, आणि मग जर्मन कचेरी दाखल्याची भारतात पडताळणी करवून घेते, ज्यात महिनेच्या महिने जातात. तुमच्या बाबतीत मात्र एक चांगली वाट आहे. पोर्तुगीज नागरिकाने परदेशात केलेल्या लग्नाची नोंद पोर्तुगालच्या दप्तरातही करायची असते. गोव्यात दोन वेळा सह्या करून लग्नाची नोंद होते, तो दाखला अपॉस्टिल करून पोर्तुगालकडे पाठवता येतो, कारण पोर्तुगालची तशी हरकत नाही. तिथे नोंद झाली की तुमच्या हातात पोर्तुगालने दिलेला विवाहाचा दाखला येतो. आणि २०१९ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमामुळे एका सदस्य देशाच्या अशा दाखल्याला दुसऱ्या सदस्य देशात अपॉस्टिल लागत नाही. सोबत बहुभाषिक नमुना मागून घेतला, तर भाषांतराचा खर्चही बहुधा वाचतो. फोंड्याहून श्टुटगार्टला लिस्बनमार्गे जाणे द्राविडी प्राणायाम वाटेल, पण वेळ त्यातच वाचतो. लग्नानंतर पासपोर्टावरचे नाव बदलण्याची घाई करू नकोस. दाखला आणि पासपोर्ट यांवरचे नाव अक्षरशः जुळलेले असू दे.

प्रवेशाचा व्हिसा तुला विनाशुल्क आणि शक्य तितक्या लवकर द्यायचा असतो. माझ्या वेळी व्हिसा केंद्रातल्या काउंटरवरच्या मुलाने हॉटेलचे बुकिंग आणि माझ्या बँकेचे विवरण मागितले होते. मी निर्देशाच्या पाचव्या कलमाची छापील प्रत पुढे सरकवली, तेव्हा तो आत जाऊन विचारून आला आणि अर्ज काहीही न बोलता घेतला. तशी एक प्रत तूही फाइलमध्ये ठेव.

इथे आल्यावर आधी पत्त्याची नोंदणी, जिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि मग परदेशी नागरिकांच्या कचेरीत अर्ज. त्यासाठी आल्यापासून किमान तीन महिन्यांची मुदत असते, पण अपॉइंटमेंट सहजी मिळत नाही, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मागणी नोंदव. अर्ज दिल्याबरोबर तसे लेखी प्रमाणपत्र मिळायला हवे. ते घेतल्याशिवाय उठू नकोस. काम करण्याचा हक्क तुला कार्डाआधीपासून असतो, परंतु नोकरी देणारा कागद पाहिल्याखेरीज करार करत नाही. कार्ड सहा महिन्यांच्या आत द्यावे लागते आणि जर्मन माणसाला ओळखपत्रासाठी पडते त्याहून जास्त शुल्क घेता येत नाही. हातात आल्यावर त्यावर निर्देशाच्या दहाव्या कलमाचा उल्लेख आहे ना, हे तिथेच पाहून घे, कारण नवऱ्यासोबत संघातल्या इतर देशांत व्हिसाशिवाय जाताना तपासनीस नेमका तोच पाहतात.

पुढे कधी तुम्ही पोर्तुगालमध्ये राहायला गेलात, तरी हा हक्क संपत नाही. १९९२ मध्ये युरोपीय न्यायालयाने सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाच्या प्रकरणात हेच ठरवले: त्याची ब्रिटिश पत्नी जर्मनीत काम करून मायदेशी परतली, तेव्हा तिच्या पतीलाही युरोपीय कायद्याचेच संरक्षण मिळाले. अशुभ बोलू नये म्हणतात, तरी हेही लिहून ठेवते की लग्नाला तीन वर्षे झाली असतील आणि त्यातले एक वर्ष इथे गेले असेल, तर घटस्फोटानंतरही बायकोचा राहण्याचा हक्क आपोआप जात नाही. लग्नाच्या आनंदात कोणी हे सांगत नाही, म्हणून मैत्रिणीने सांगावे.

कार्ड पाच वर्षांचे असते. सलग पाच वर्षे राहिलीस की कायम वास्तव्याचा हक्क मिळतो. दरम्यान वर्षाकाठी सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलीस तरी सलगता मोडत नाही, आणि बाळंतपणासारख्या कारणासाठी एकदा सलग बारा महिन्यांपर्यंतची सूट आहे. तेव्हा पहिल्या बाळंतपणाला कोल्हापूरला माहेरी जाता येणार नाही, ही काकूंची काळजी तू आजच दूर कर. आणि पणजीच्या पोर्तुगीज वाणिज्य दूतावासात लग्नाच्या नोंदीसाठी वेळ मिळायला किती दिवस लागतात, याची चौकशी होणाऱ्या नवऱ्याला आतापासूनच करायला सांग.

तुझी,
रेवती