रूबल कोसळला तेव्हा हॉकीचे क्लब कशावर उभे होते

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. चलन कोसळलं की व्यावसायिक लीगचं नेमकं काय मोडतं आणि कुठून मोडायला लागतं, असं तू विचारलं आहेस. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे रशियाची केएचएल, काँटिनेंटल हॉकी लीग, आणि तिचा 2014-15चा हंगाम. (हॉकी म्हणजे अर्थात बर्फावरची.) त्या हंगामात 28 संघ होते आणि साखळीत प्रत्येकाचे 60 सामने. बहुतेक संघ रशियातले, पण हेलसिंकी, रिगा, ब्रातिस्लावा, झाग्रेब, मिन्स्क, अस्ताना इथलेही होते. म्हणजे एकाच स्पर्धेत रूबल, युरो, क्रोएशियाचा कुना, बेलारूसचा रूबल आणि कझाकस्तानचा तेंगे. तुझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला यापेक्षा चांगला नमुना मिळायचा नाही.

आधी दर बघ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. 2014च्या सुरुवातीला डॉलरला साधारण 33 रूबल पडत. जूनमध्ये पिंपाला 110 डॉलरच्या वर असलेलं ब्रेंट तेल डिसेंबरात 60च्या खाली आलं. त्यात रशियाने क्रिमिया घेतल्यानंतरच्या निर्बंधांमुळे रशियन कंपन्यांना पाश्चात्त्य बँकांची कर्जं बंद झाली. 10 नोव्हेंबरला मध्यवर्ती बँकेने रूबल बाजारावर सोडला. 15 डिसेंबरच्या रात्री व्याजदर 10.5वरून थेट 17 टक्क्यांवर नेला, तरी दुसऱ्या दिवशी व्यवहार चालू असताना डॉलर 80 रूबलला आणि युरो 100ला जाऊन टेकला. वर्षअखेर दर 56 होता, फेब्रुवारी 2015च्या सुरुवातीला 69 आणि मे महिन्यात पुन्हा 50च्या आसपास. नुसती घसरण असती तर अंदाज तरी बांधता आला असता. या झोक्यांमुळे महिन्याचं अंदाजपत्रकच करता येईना. आपला रुपया 2013च्या ऑगस्टात 68च्या पुढे गेला होता, ते यापुढे काहीच नव्हतं.

आता करार. रशियाच्या कामगार कायद्याप्रमाणे पगार रूबलमध्येच द्यावा लागतो. त्यामुळे परदेशी खेळाडू ‘डॉलरचा करार’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की रूबलचा आकडा कुठल्या तरी दराला बांधलेला आहे. असे करार तीन तऱ्हांनी करता येतात. पहिल्यात आकडा कोरा रूबलमध्ये असतो, दराचा उल्लेखच नसतो. दुसऱ्यात रक्कम डॉलरमध्ये ठरते आणि पगाराच्या दिवशी मध्यवर्ती बँकेचा जो दर असेल त्याने रूबल द्यायचे. तिसऱ्यात दराला खालची आणि वरची हद्द घातलेली असते, म्हणजे 32 ते 40च्या मध्ये दर हलला तर जोखीम खेळाडूची आणि त्याबाहेर गेला तर क्लबची, किंवा उलट.

एक उदाहरण मांडून बघ. वसंतात दर 35 असताना 8 लाख डॉलरच्या बरोबरीचा करार झाला असं धर, म्हणजे 2.8 कोटी रूबल. पगार सप्टेंबर ते एप्रिल असा आठ महिन्यांत वाटला तर महिन्याला 35 लाख. 13 टक्के कर गेला की हातात 30.45 लाख. 35च्या दराने हे झाले 87,000 डॉलर. 60च्या दराने 50,750. 70च्या दराने 43,500. खेळ तोच, बर्फ तोच, आणि घरी टोरांटोला किंवा प्रागला पाठवायचा पैसा निम्मा. करार दुसऱ्या तऱ्हेचा असेल तर खेळाडू सुरक्षित, पण क्लबला त्याच महिन्याचे 35 लाखांऐवजी 60 किंवा 70 लाख काढावे लागतात. रशियन क्लबात पाच परदेशी खेळाडूंची मुभा होती. पाचही असेच बांधलेले असले तर काय होतं ते तूच गुणून बघ. शिवाय संघाच्या पगाराची एकूण मर्यादा (तेव्हा ती कडक नव्हती) 110 कोटी रूबल, आणि तीही रूबलमध्येच.

कराचं एक कलम करारात नेहमी निसटतं. रशियात वर्षातले 183 दिवस न राहिलेल्या माणसाला पगारावर 13 नव्हे, 30 टक्के कर पडत असे. जुलैच्या मध्यात आलेल्याचे डिसेंबरअखेर 183 दिवस भरत नाहीत, म्हणून त्याचा सप्टेंबर ते डिसेंबरचा पगार 30 टक्क्यांत जातो. यातून सुटायचं तर ‘उच्च पात्रतेचा तज्ज्ञ’ म्हणून कामाचा परवाना काढायचा, मग तेव्हा पहिल्या दिवसापासून 13 लागत. हा परवाना कुणी आणि कधीपर्यंत काढायचा हे करारात लिहिलेलं नसलं की भांडण ठरलेलं.

रशियन खेळाडूंच्या पगारावरही त्याच हिवाळ्यात एक ओझं वाढलं, त्याची चर्चा फार कमी झाली. मालकाने भरायच्या सामाजिक वर्गणीतला आरोग्य विम्याचा 5.1 टक्के भाग तोपर्यंत ठरावीक पगारापर्यंतच लागत असे. 1 जानेवारी 2015पासून ती मर्यादा उठली. मोठ्या पगारावर वरच्या टप्प्यात जिथे 10 टक्के भरायचे, तिथे 15.1 झाले. पगाराची मर्यादा गाठणारा पूर्ण रशियन संघ धरला तर हा नवा खर्च वर्षाला साडेपाच कोटी रूबलच्या घरात जातो. दराशी काही संबंध नसलेला हा खर्च नेमका दर कोसळल्यावर दारात आला.

पगार थकवण्याचं गणित मात्र नीट समजून घे, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. पगाराला उशीर झाला तर तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मालकाने दर दिवसाला पुनर्वित्त दराच्या 1/300 एवढी भरपाई द्यायची. हा पुनर्वित्त दर, म्हणजे मध्यवर्ती बँकेचा जुना जाहीर दर, कागदावर 8.25 टक्केच राहिला होता, बँकेचा खरा दर 17 झाला तरीही. म्हणजे 30 लाखांचा पगार 30 दिवस थकवला तर भरपाई 24,750 रूबल. तेच 30 लाख बँकेकडून 20 टक्क्यांनी महिनाभर घेतले तर व्याज 50,000. बँकेपेक्षा खेळाडूंकडून घेतलेली उसनवारी निम्म्या किमतीत पडत होती, तीही तारण न देता. व्यवस्थापक वाईट असायची गरजच नाही. खजिन्यात खडखडाट असलेला कोणीही आधी विमानवाल्याचं बिल भागवील, कारण विमानवाला पैसे आल्याशिवाय उडत नाही. 15 दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर लेखी सूचना देऊन काम थांबवायचा हक्क खेळाडूला आहे, पण बाद फेरीच्या तोंडावर तो वापरणार कोण? 2016च्या ऑक्टोबरपासून ही भरपाई खऱ्या दराच्या 1/150 केली गेली. मगच थकबाकी महाग झाली. क्लबांना शिस्त लावायला लीगच्या कुठल्याही पत्रकापेक्षा हा बदल जास्त उपयोगाचा होता, असं मला ठामपणे वाटतं.

आता पैसा येतो कुठून ते बघ. तिकिटं आणि प्रक्षेपण यांतून तिथल्या क्लबचा खर्च निघत नाही. प्रत्येक क्लब एखाद्या मोठ्या खिशावर असतो. एसकेए सेंट पीटर्सबर्गच्या मागे गाझप्रोम, ओम्स्कच्या अवांगार्दमागे गाझप्रोम नेफ्त, सीएसकेए मॉस्कोमागे रोसनेफ्त, कझानच्या अक बार्समागे तात्नेफ्त, यारोस्लाव्लच्या लोकोमोतिवमागे रेल्वे, माग्नितोगोर्स्कच्या मेतालुर्गमागे तिथला पोलाद कारखाना. यातले तेल, वायू आणि पोलादवाले माल विकतात डॉलरच्या भावाने आणि खर्च करतात रूबलमध्ये. तेल निम्म्यावर आलं, पण रूबलही जवळजवळ निम्मा झाला, त्यामुळे रूबलमधली आवक फारशी हलली नाही. त्या मोसमाचा गागारिन कप, म्हणजे लीगचा करंडक, एसकेएने जिंकला, अंतिम फेरीत अक बार्सला हरवून. एकामागे वायू, दुसऱ्यामागे तेल. त्याआधीचा कप माग्नितोगोर्स्कचा होता, 2016चाही त्यांचाच.

खरा मार बसला प्रांताच्या तिजोरीवर जगणाऱ्यांना. प्रांतांची आवक रूबलमध्ये, आणि 2012च्या मे महिन्यातल्या अध्यक्षीय आदेशांपासून शिक्षक-डॉक्टरांचे पगार वाढवायचं बंधन त्यांच्याच डोक्यावर. हॉकीचं अनुदान कापायला सगळ्यात सोपं. वर त्याची वेळही वाईट. नव्या वर्षाचं अंदाजपत्रक जानेवारीत लागू होतं, पहिला आठवडा सुट्टीचा, मग अनुदानाचा करार, सह्या, खजिन्याची मंजुरी. पैसा हातात पडेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. पगार मात्र डिसेंबर-जानेवारीचे द्यायचे असतात. चांगल्या वर्षी ही फट बँकेच्या कर्जाने बुजवली जाते. 17 टक्क्यांच्या हिवाळ्यात तो रस्ता बंद झाला.

मॉस्कोजवळच्या मितिश्चीचा अत्लांत असाच गेला. 2011ला अंतिम फेरी खेळलेला संघ, 2014-15मध्ये पगार थकले आणि त्या मोसमानंतर लीगमधून बाहेर. पण सगळ्याचं खापर रूबलवर फोडू नकोस. स्पार्ताक मॉस्को 2014-15 खेळलाच नाही, कारण त्यांच्या प्रायोजक बँकेचा, इन्वेस्तबँकचा, परवाना डिसेंबर 2013मध्येच रद्द झाला होता. तेव्हा डॉलर 33लाच होता. प्रागचा लेव्ह 2014च्या वसंतात अंतिम फेरीचा सातवा सामना खेळला आणि उन्हाळ्यात लीग सोडून गेला. युक्रेनमधल्या दोनेत्स्कचा दोनबास युद्धामुळे बाहेर पडला. एकच दाता आणि त्याला पर्याय नाही, हे दुखणं आधीपासूनचं. रूबलने ते सगळ्यांचं एकाच महिन्यात उघडं केलं. आणि दाता श्रीमंत असला म्हणजे देतोच असंही नाही. चेरेपोव्हेत्सच्या सेवेरस्तालमागे पोलादाची मोठी कंपनी आहे, पण संघाचं अंदाजपत्रक लहानच राहिलं.

परदेशी क्लबांचं गणित उलटं फिरलं. हेलसिंकीचा योकेरित, ब्रातिस्लावाचा स्लोव्हान, रिगाचा दिनामो यांचे पगार युरोत. लाटव्हियानेही त्याच वर्षी युरो घेतला होता. रशियातला दौरा त्यांना अचानक स्वस्त पडू लागला, पण रशियन प्रायोजकाकडून येणारा रूबलही तेवढाच हलका झाला. अस्तानाच्या बारिसची गोष्ट सगळ्यात रंजक. तेंगे फेब्रुवारी 2014मध्येच 155वरून 185वर उतरवला होता, आणि नंतर तो डॉलरला धरून राहिला. रूबल पडला तसा रूबलच्या मानाने तेंगे वधारला आणि रशियातली हॉटेलं, गाड्या, जेवणखाण सगळं बारिसला स्वस्त झालं. हे सुख ऑगस्ट 2015पर्यंत टिकलं. मग तेंगेही बाजारावर सोडला आणि काही दिवसांत 188वरून 250च्या पलीकडे गेला. बेलारूसच्या मिन्स्कला तर डिसेंबर 2014मध्ये परकीय चलन विकत घेण्यावरच 30 टक्के शुल्क लागलं.

सामानाचं बघायचं तर स्टिकपासून सुरुवात कर. काँपोझिटची चांगली स्टिक त्या काळी साधारण 250 डॉलरची, आणि ती मोडण्यासाठीच असते म्हणायला हरकत नाही, फटका जोरात बसला की दांड्यातच तुटते. 25 खेळाडू आणि प्रत्येकी 40 स्टिक धर: हजार स्टिक. 33च्या दराने 82.5 लाख रूबल, 60च्या दराने दीड कोटी. दर हलायला लागला की पुरवठादार आधी उधारी बंद करतो, मग भावाचा कागद एक-दोन दिवसांपुरताच देतो. म्हणून क्लबच्या सामानवाल्याने मोसमाची ऑर्डर उन्हाळ्यातच पूर्ण पैसे भरून द्यायची. स्केटची पाती, हेल्मेटच्या काचा, गोलरक्षकाचे पॅड हे त्यातच. बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्राचं पातं आणि बर्फ गोठवणाऱ्या काँप्रेसरचे सुटे भाग लोक विसरतात, आणि तेच फेब्रुवारीत अडतात.

प्रवासाला स्वस्ताईची वाटच नाही. मॉस्कोहून खाबारोव्स्क किंवा व्लादिवोस्तोक म्हणजे आठ-नऊ तासांचं उड्डाण. विमान परदेशी बनावटीचं असेल तर त्याचं भाडं विमान कंपनी डॉलरमध्ये भरते आणि वाढ चार्टरच्या दरात उतरते. आमूर आणि अद्मिराल या पूर्वेकडच्या क्लबांना तर दर दुसऱ्या आठवड्याला हाच खर्च.

तेव्हा तुझ्या कामासाठी एवढं कर. तीन स्तंभांचा कागद घे: पैसा कोणाकडून, कोणत्या चलनात, कोणत्या तारखेला. त्याच्यासमोर देणी याच तीन स्तंभांत मांड. मग दर दीडपट आणि दुप्पट धरून दोनदा बेरीज कर. डॉलरची देणी डॉलरच्या येण्याने भागतात का ते आधी, तारखा जुळतात का ते नंतर. बहुतेक ठिकाणी तुला रकमेपेक्षा तारखेतच खड्डा सापडेल. प्रायोजकाचं हमीपत्र असेल तर त्यात ‘देऊ’ लिहिलंय की ‘द्यायचा विचार आहे’ ते वाच, आणि सही करणाऱ्याला ती रक्कम मंजूर करायचा अधिकार आहे का ते विचार. करारात दराची हद्द घालायची तर वरची आणि खालची दोन्ही घाल, आणि हद्द ओलांडल्यावर किती दिवसांत बसून नवा आकडा ठरवायचा तेही. केएचएलने स्वतः पगाराची कडक मर्यादा आणली ती 2020-21च्या मोसमापासून, 90 कोटी रूबल. तोवरचा मधला काळ क्लबांनी कसा काढला, ते दिनामो मॉस्कोच्या 2017च्या प्रकरणात दिसतं. थकबाकीमुळे लीगने त्यांच्या खेळाडूंना करारातून मोकळं केलं, तेही संघ पूर्वी दोनदा कप जिंकलेला असताना.

तुझ्याकडचा प्रायोजकाच्या पत्राचा मसुदा आणि हप्त्यांच्या तारखा पाठव, म्हणजे त्यावर खुणा करून परत पाठवतो. काकांची तब्येत कशी आहे तेही लिही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीपाद