सुमे, शुक्रवारपर्यंत कळव

शिकागो, रविवार रात्र

प्रिय सुमी,

तुझ्या एवढ्या मेसेजना मी नुसते अंगठे पाठवत राहिले आणि आता एकदम पत्र! म्हणजे हिला काहीतरी हवंय, हे तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. हवंय.

तब्येती ठीक. माझी पाठ आहे तशी आहे. ह्याची शुगर काठावर आहे, आणि काठावरच आहे ना, म्हणून हा गोड खातो. आईला कानाचं मशीन घेतलं, ती ते डब्यात जपून ठेवते. झालं.

लेकीला व्हिटनी यंग हायस्कूलची ऑफर आली. आणि ती म्हणते, मला जायचं नाही.

फोनवर मागे सांगितलेलं तू निम्मं विसरली असशील, म्हणून परत सांगते. इथे आठवीनंतर चार वर्षांचं हायस्कूल. घराच्या पत्त्यावरून एक शाळा तुमची ठरलेली असते, तिथली जागा तुमचीच. आमची अमुंडसेन, घरापासून दहा मिनिटं चालत. पण शहरात अकरा सरकारी शाळा अशा आहेत की तिथे गुणांवर शिरावं लागतं, आणि सगळं गाव त्यांच्या मागे. एकूण ९०० गुण. ४५० प्रवेश परीक्षेचे आणि ४५० सातवीच्या ग्रेडचे. सातवीत एका विषयात ए ऐवजी बी आला की ३७.५ गुण गेले. सातवीत, सुमे! सातवीत तू भूगोलाच्या वहीत सासरच्या घराचा नकाशा काढत होतीस, दोन बाथरूम दाखवून.

तेवढ्यावर भागत नाही. २००९ पर्यंत इथे वंशावर जागा ठरत. कोर्टाचा तो जुना हुकूम संपला तेव्हा त्यांनी पत्त्याचा हिशोब काढला. जनगणनेच्या तुकड्यांवरून शहराचे चार टियर. उत्पन्न, मोठ्यांचं शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, एकटीने मूल वाढवणारे किती, इंग्रजी सोडून दुसरी भाषा घरात किती, वगैरे. ३० टक्के जागा सरळ गुणांवर, उरलेल्या ७० टक्के चार टियरना सारख्या वाटून. आम्ही चौथ्यात, म्हणजे खात्यापित्या घरातले, म्हणजे जवळजवळ पैकीच्या पैकी लागतात. आमच्या घरात सगळी भांडणं मराठीतून होतात, याचे गुण कुणी धरले की नाही देव जाणे. मला हा हिशोब एकंदरीत बरा वाटतो, आमच्या अंगावर आला तरी. गंमत अशी, की आपल्याकडच्या आरक्षणावर इथे तावातावाने बोलणारी मंडळीच टियर तीनमध्ये भाड्याचं घर बघत हिंडतात. नावं तुला फोनवर सांगेन.

तर एवढं सगळं करून पोरीने जागा मिळवली, आणि जागा मिळाल्यावर म्हणते, परीक्षा द्यायला तू सांगितलंस म्हणून दिली, जायचं कबूल केलं नव्हतं. वकील होणार ही.

व्हिटनी यंग मोठी शाळा आहे गं. १९७५ची, शहरातलं पहिलं सरकारी मॅग्नेट हायस्कूल, म्हणजे सगळ्या शहरातून मुलं घेणारं. मिशेल ओबामा तिथली, १९८१ची बॅच. मराठी मंडळात एका काकूंनी तर मला, "मिशेलसुद्धा बसा बदलत लांबून यायची," असं ऐकवलं, जणू काकूच तिला डबा देत होत्या. आमच्याकडून ब्राउन लाइनच्या ट्रेनने लूपपर्यंत, म्हणजे शहराच्या मध्यापर्यंत, तिथे गाडी बदलायची, मग चालायचं. एका बाजूचा तास धर. जानेवारीत सकाळी अंधारात निघणार, संध्याकाळी अंधारात येणार.

आणि अमुंडसेन वाईट आहे म्हणावं, तर तसंही नाही. एका बागेला लागून इमारत, १९३०ची. आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, कोर्स आहे. मुलं जगाच्या पाठीवरून कुठून कुठून आलेली. आमच्या गल्लीतले जुने लोक अजून नाव काढलं की तोंड वाकडं करतात, पण त्यांची मुलं केव्हाच चाळिशीची झाली. लेकीचा मुद्दा एका वाक्याचा आहे: "अमुंडसेन कुत्र्यांच्या गाडीतून दक्षिण ध्रुवावर पोचला, मी शाळेत चालत पोचेन." मैत्रिणी तिथे, व्हॉलीबॉल तिथे, आणि दुपारी साडेतीनला घरी. यात वाद कुठे घालायचा तेच मला सापडत नाही.

ह्याने तर काम सोपं करायच्या नादात आणखी बिघडवलं. शिकागो विद्यापीठाची एक संस्था इथल्या शाळांवर वर्षानुवर्षं काम करते, तिचा २०१८चा अभ्यास शोधून काढला. कटऑफच्या जरा वर आलेली मुलं आणि जरा खाली राहिलेली मुलं, दोघांची तुलना. परीक्षेच्या गुणांत काही फरक नाही! उलट निवडक शाळेत गेलेल्यांच्या ग्रेड थोड्या खालीच, कारण वर्गात सगळेच हुशार. गरीब वस्त्यांतून गेलेल्या मुलांना तर नावाजलेली कॉलेजं मिळण्याचं प्रमाण कमी झालं. चांगलं काय, तर तिथल्या मुलांना शाळेत सुरक्षित वाटतं, शिक्षकांशी नातं बरं असतं. हा म्हणतो, "बघ, आकडे आहेत." मी म्हटलं, तुला आयआयटी मिळाली नव्हती तेव्हा हे आकडे सासूबाईंना दाखवले होतेस का? दोन दिवस बोलला नाही.

पण माझा पाय अडकलाय तो गुणांत नाही. पटात अडकलाय. हे इथे कुणाला सांगून कळत नाही, तुला एका शब्दात कळेल.

२०१३-१४ पासून इथे शाळेला पैसे मुलांच्या डोक्यांवर मिळू लागले. पट घसरला की पैसे घसरले, पैसे घसरले की आधी चित्रकला, मग ग्रंथपाल, मग फ्रेंच. मग आईबाप म्हणणार, या शाळेत आहे काय? आणि आणखी पट घसरणार. त्याच २०१३ साली जवळपास ५० शाळा एका फटक्यात बंद केल्या, रिकाम्या आहेत म्हणून, आणि बहुतेक काळ्या वस्त्यांतल्या. आता अलीकडे डोक्यांऐवजी प्रत्येक शाळेला ठरावीक पदं द्यायला लागलेत. २०२३च्या डिसेंबरात शहराच्या शिक्षण बोर्डाने ठरावही केला, की निवडीच्या शाळांकडून परत वस्तीतल्या शाळांकडे वळायचं. ठराव झाला की काय होतं ते तू मला सांगू नकोस आणि मी तुला सांगत नाही. आईबाप आहेत तिथेच आहेत, कटऑफच्या याद्या तोंडपाठ.

हे सगळं वाचताना मला तुझ्या जिल्हा परिषदेच्या शाळेची संचमान्यता आठवत होती, पटावरून शिक्षक ठरवायची ती. साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, पट आणखी घसरला की तू अतिरिक्त, मग समायोजन, मग कुठल्यातरी वस्तीवर. तू उन्हाळ्यात दारोदार हिंडून पोरं गोळा करतेस, आणि जूनमध्ये इंग्लिश मीडियमची पिवळी व्हॅन येऊन ती घेऊन जाते. तूच म्हणाली होतीस, माझ्या तोंडावर, "शाळा सरकार मारत नाही, तुमच्यासारखे मारतात. जरा बरं चाललं की आधी पोरगं काढतात."

आणि मग तू आदित्यला इंग्लिश मीडियमला घातलंस.

मी तेव्हा जे बोलले त्यातला शब्दही परत घेत नाही, अजिबात आशा ठेवू नकोस. जिल्हा परिषदेचा पगार, जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्याला गीतमंच आणि परसबाग, आणि स्वतःचं पोरगं टाय लावून व्हॅनमध्ये. तू म्हणालीस, "अमेरिकेत बसून बोलायला काय जातं." आपण वर्षभर बोललो नाही. पम्याच्या लग्नात समोरासमोर पंगतीला बसवलं तेव्हा तू मला मठ्ठा वाढायला लावलास, तो समेट. पण त्या वेळी मी तुला विचारायला हवं ते विचारलंच नाही, भांडण्यातच वेळ गेला. आता विचारते, आणि खरं सांग. आदित्यला सोडून तू आपल्या वर्गावर गेलीस, त्या सकाळी समोरच्या पोरांच्या आयांना काय सांगितलंस? एखादीने तरी विचारलं असेल ना, "बाई, तुमचा कुठं घातला?"

कारण मी इथे लोकल स्कूल कौन्सिलवर निवडून यायचा विचार करत होते. हसू नकोस. तुझ्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष खिचडी चाखून सही करतो, इथली कौन्सिल मुख्याध्यापक नेमते, १९८८च्या कायद्याने. वस्तीतल्या लोकांनाही जागा असतात. शेजारच्या बाईंना मी गेल्या वर्षी तासभर पटवलं होतं, की आपल्यासारख्यांनी मुलं अमुंडसेनला घातली तरच ती टिकेल. त्यांनी घातला मुलगा. आता त्या रोज कुत्रं फिरवताना विचारतात, "काय ठरलं?" मी कुत्र्याशी बोलते.

म्हणजे लेकीला जायचं तिथेच तिने जावं असं माझंच व्याख्यान आहे, आणि ती कबूल आहे, आणि मीच अडून बसलेय. विनोद कर यावर.

का अडलेय, तर मला वाटतं आपली एसटी. आपल्या गावात हायस्कूल होतं की, आठवी ते दहावी, व्यवस्थित. तरी आपल्या दोघींना तालुक्याला पाठवलं. साडेसहाची गाडी, तू माझ्या खांद्यावर झोपायचीस, कंडक्टर मला पास विचारायचा आणि तुझाही मलाच. तालुक्याच्या शाळेत गणित बरं शिकवलं असेल, पण मला आठवतं ते गाव मागे जाताना दिसायचं ते. आई-आजीला माहीत नसलेल्या रस्त्यांवर मी आहे, याची ती मजा. लेकीने ब्राउन लाइनच्या खिडकीशी बसावं, गाडी चुकावी, भलत्याच स्टेशनवर उतरावं, शहर तिचं व्हावं, असं मला वाटतं. आता हे शाळा निवडायचं कारण झालं का? ह्याला सांगितलं तर म्हणतो, "मग तिला सुट्टीत ट्रेनचा पास काढून दे." पुरुषांशी बोलण्यात अर्थ नाही.

कुमीचं उदाहरण मात्र देऊ नकोस. ती गावच्याच शाळेत राहिली आणि तिचं जे झालं ते दोन्ही बाजूंनी वापरता येतं, मी वापरून पाहिलंय.

आणि हो, आपण गेल्यावर गावचा आठवीचा वर्ग तसाच चालला का, हे आपण दोघींनी कधी विचारलंय? बाबा म्हणायचे, दोन पोरी गेल्याने काय होतंय. बरोबरच होतं. प्रत्येक घर तेवढंच म्हणत होतं.

तुझं काय? बदलीचा ऑनलाइन फॉर्म भरलास ना, की परत शेवटच्या रात्री सर्व्हर? तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? भावजींचा ट्रॅक्टर आला असं आईकडून कळलं, फोटो पाठव. आदित्य बारावीला म्हणजे घरात बोलायची सोय नसेल. त्याला सांग, मावशीने तुझ्यावरून तुझ्या आईशी भांडण केलं होतं, तुझ्याशी नाही.

मुदत शुक्रवारची आहे. व्हिटनी यंगला हो म्हणायचं की नाही, एवढं बटण आहे. लेकीने तह केलाय: शुक्रवारपर्यंत मी तिला समोर बसवून कारण सांगायचं, "चांगली शाळा आहे" हे सोडून दुसरं कुठलंही. ते पटलं तर ती जाईल, नाही तर मी तोंड मिटायचं. एसटीचं सांगून पाहिलं. म्हणाली, "ते तुझं कारण आहे, आई." म्हणून तुला लिहितेय. आदित्यच्या वेळी तू स्वतःला काय सांगितलंस ते जसंच्या तसं कळव. खोटं असलं तरी चालेल, पण तेव्हाचं हवं, आत्ता बनवलेलं नको.

तुझीच,
नंदी

ता.क. फोन केलास तर माझ्या रात्री नऊनंतर कर, म्हणजे तुझ्या सकाळी साडेसातला, शाळेला निघायच्या आधी. स्पीकरवर ठेवू नकोस, सासूबाई ऐकतात.