पाहुणचाराला परवानगी, मग टिपणाला पत्ता का नको?

महोदय,

हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात आलेल्या आमदारांकडे कापूस, सोयाबीन, बियाणे यांवरच्या निवेदनांचे गठ्ठे जमतात. त्यातले शेतकऱ्याने लिहिलेले कोणते आणि परदेशी पैशातून तयार झालेले कोणते, हे कागद पाहून कळत नाही. आपला कायदा पैसा आणि पाहुणचार अडवतो, मजकूर नाही.

विदेशी अंशदान कायदा, २०१० च्या कलम ३ नुसार लोकप्रतिनिधीला परदेशी देणगी घेता येत नाही. कलम ६ नुसार परदेशात परक्यांच्या खर्चाने राहायचे-फिरायचे असेल तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते. अर्ज एफसी-२ नमुन्यात, यजमानाचे निमंत्रणपत्र जोडून, निघण्याच्या साधारण दोन आठवडे आधी पोचावा लागतो. तिथे अचानक आजारी पडून यजमानाच्या खर्चाने उपचार घेतले, तर महिन्याच्या आत कळवायचे. या कायद्यातल्या 'विधानमंडळ' शब्दात पंचायती आणि नगरपालिकाही येतात. म्हणजे परदेशी बियाणे कंपनीने 'अभ्यास दौऱ्या'ला नेलेला सरपंचसुद्धा. आपल्या किती जिल्हा परिषद सदस्यांना हे ठाऊक आहे?

मजकूर मोकळा सोडला की काय होते, ते अमेरिकेने भोगले आहे. तिथे १९३८ पासून परदेशी हस्तकांना नोंदणी सक्तीची होती. तरी जॉर्ज व्हिएरेक या जर्मनीच्या प्रचारकाने वाट काढली. भाषण याने लिहून द्यायचे, अमेरिकी संसदेच्या सदस्याने ते सभागृहाच्या इतिवृत्तात घालायचे, मग त्याच्या छापील प्रती सदस्याच्याच मोफत टपालातून घरोघर. पाकिटावर आपल्याच प्रतिनिधीचे नाव, मग शंका येणार कुणाला? यातला महत्त्वाचा दुवा होता एका सदस्याच्या कार्यालयातला सचिव. व्हिएरेकला शिक्षा झाली, पण १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जुन्या कायद्यात फक्त परदेशी मालकासाठी केलेले काम सांगायचे बंधन होते, स्वतःच्या नावावर केलेले नाही. १९४२ च्या दुरुस्तीने प्रचारसाहित्यावर ते कुणासाठी आहे हे छापणे भाग पाडले.

ब्रिटनमध्ये जानेवारी २०२२ मध्ये परदेशी हस्तक्षेपाबद्दलचा गुप्तचर खात्याचा इशारा सभापतींच्या कार्यालयाने खासदारांना पाठवला. परदेशी प्रभावाची नोंदणी तिथे जुलै २०२५ पासून सुरू झाली.

बंदी मात्र नको. तिचा पहिला फटका खऱ्या शेतकरी संघटनांना बसेल. आमदारांच्या स्वीय सहायकांनी आवक नोंदवहीत दोन रकाने वाढवावेत: टिपण कुणी लिहिले आणि खर्च कुणी केला. रकाने रिकामे असतील तर त्या टिपणावरून तारांकित प्रश्न टाकू नये. आणि नव्या सरपंचांच्या प्रशिक्षणात एफसी-२ चा कोरा नमुना हातात द्यावा.

– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)